घरमालक म्हणतो "तुझं सिबिल खराब करतो". खरंच करू शकतो का? (नागपूर)

बेसाकडे_निघालो (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मनीषनगरला टू बीएचके किरायानं घेऊन राहतो, बायको, मी आणि लहान मुलगी. किराया १४ हजार, डिपॉझिट ४० हजार दिलेलं आहे. मिहानमधल्या एका छोट्या कंपनीत आहे, तिथं पगार कधी दहा तारखेला तर कधी पुढच्या महिन्यातच, असं चालू आहे, त्यात दोन महिन्यांचा किराया थकला. मालकाला सांगितलं होतं, तो आधी बरं म्हणाला आणि आता अचानक व्हॉट्सॲपवर मेसेज की महिनाअखेर घर खाली कर, नाही तर सामान रस्त्यावर काढतो आणि तुझं सिबिल असं खराब करतो की जन्मात लोन भेटणार नाही.

सामानाचं पाहून घेऊ, भीती सिबिलची (बँका लोन देताना बघतात तो स्कोर) आहे, कारण पुढच्या वर्षी बेसा साइडला फ्लॅट बुक करायचा विचार चालू आहे. यूट्यूबवर बघितलं तर तिथं सांगतात की एव्हिक्शन (मालकानं घर खाली करायला लावणं) झालं की रेकॉर्डवर सात वर्षं राहतं आणि मग कोणी घरही देत नाही. ॲग्रीमेंट नोटरीवालं आहे, अकरा महिन्यांचं, पाचशेच्या स्टॅम्पवर, आणि ते पण संपून गेलंय, रिन्यू केलंच नाही दोघांनी. कोणाला अनुभव असेल तर सांगा. "कोर्टात जा" एवढंच लिहू नका, कोर्टात गेलो तर नाव लागतं का हाच तर प्रश्न आहे.

तर्रीपोहे_दोन_प्लेट

मालकाच्या हातात सिबिल असतं नं भाऊ तर मी रात्री गच्चीवर मित्र बोलावले तेव्हाच आमच्या मालकानं माझा स्कोर ३०० करून टाकला असता. धमकी आहे, झोपा निवांत.

बँकेतली_ताई

झोपा निवांत म्हणू नका, पण धमकी पोकळ आहे हे खरं.

मी एका बँकेत लोन डिपार्टमेंटला आहे, म्हणून नीट सांगते. भारतात चार क्रेडिट कंपन्या आहेत, सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २००५ च्या कायद्याखाली त्या चालतात आणि त्यांना माहिती देतात त्या बँका, फायनान्स कंपन्या, क्रेडिट कार्डवाल्या, म्हणजे ज्यांनी तुम्हाला कर्ज दिलंय त्या. तुमचा मालक एक साधा माणूस आहे, तो यांच्यापैकी कोणाचा मेंबर नाही, त्यामुळे "हा पोरगा किराया देत नाही" असं लिहायला त्याच्याकडे खिडकीच नाही. रिपोर्ट उघडून बघा, त्यात नाव, पॅन, पत्ते, फोन, लोन आणि कार्डांची खाती, प्रत्येकाखाली ३६ महिन्यांपर्यंतचा हप्त्यांचा हिशोब आणि कोणी कोणी तुमची चौकशी केली त्याची यादी, एवढंच असतं. "घर खाली करायला लावलं" असा रकानाच नाही.

प्रत्येक कंपनीनं वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा नियम आहे. आजच काढून ठेवा. उद्या काही चुकीचं दिसलं तर आधी काय होतं हे दाखवता येईल.

पण (हा पण मोठा आहे) घराच्या भांडणात सिबिल खराब झालेली माणसं मी बघितली आहेत, फक्त ते मालकानं केलेलं नसतं. होतं असं की मालकाला गप्प करायला माणूस मोबाइलवरच्या कुठल्यातरी ॲपवरून पंधरा-वीस हजाराचं झटपट लोन घेतो, नाही तर कार्डावरून किराया भरतो, आणि मग तो हप्ता चुकतो. तो मात्र तंतोतंत नोंदला जातो, आणि २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरा दिवसांनी तरी माहिती पाठवावी लागते, त्यामुळे दिसतोही लवकर. दुसरं म्हणजे घाईघाईत घर बदललं की बँकेत पत्ता बदलायचा राहतो. नवीन कार्ड जुन्या घरी, नोटीस जुन्या घरी, आणि मालक ते परत पाठवतो किंवा फेकून देतो.

बेसाकडे_निघालो

ताई खूप खूप धन्यवाद, अर्धं टेन्शन गेलं. एक बाइकचा हप्ता आहे ४२०० चा आणि एक कार्ड आहे, ते आतापर्यंत वेळेवर आहे. म्हणजे पैसे कमी पडले तर किराया मागे ठेवून हप्ता भरत राहिलो ते बरोबर केलं ना?

बँकेतली_ताई

सिबिलपुरतं बोलायचं तर हो.

सदरचा_वकील

ताईंशी थोडा असहमत. सिबिलपुरतं हो, पण माणूस सिबिलमध्ये राहत नाही, घरात राहतो. किराया थकवून हप्ते भरत राहणाऱ्याचा स्कोर ७८० असतो आणि डोक्यावर दावा असतो. दोन्हीचं वेळापत्रक बघून ठरवायचं असतं, एकालाच कायम मागे ठेवलं की तिथं गाठ बसते. बँकेला आधी फोन करून हप्त्याची तारीख पुढे घेता येते का ते विचारलं का?

रात्री सविस्तर लिहितो, आता कोर्टात आहे.

ऑस्टिनकर_मूळ_खामला

यूट्यूबचा सात वर्षांचा मुद्दा कुठून आला ते सांगतो, कारण ते माझ्या इकडचं आहे. ते व्हिडिओ अमेरिकेचे असणार.

इथं घर किरायानं घेताना अर्जासोबत फी भरायची आणि मालक किंवा मॅनेजमेंट कंपनी तुमचा टेनंट स्क्रीनिंग रिपोर्ट काढते. त्या रिपोर्टात कोर्टातली एव्हिक्शन केस दिसते, साधारण सात वर्षं, तो फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टचा नियम आहे. लोक यालाच क्रेडिट रिपोर्ट समजतात पण ही दोन वेगळी कागदं आहेत. क्रेडिट रिपोर्टात एव्हिक्शन अशी नोंद इथंही येत नाही, २०१७ च्या जुलैपासून तर इथल्या तिन्ही मोठ्या क्रेडिट कंपन्यांनी दिवाणी कोर्टाचे निकालही काढून टाकले. येतं ते थकलेलं भाडं, तेही मालकानं वसुली कंपनीला दिलं तर, आणि ते मग सात वर्षं चिकटून बसतं.

सगळ्यात वाईट भाग म्हणजे स्क्रीनिंगमध्ये केस नुसती दाखल झालेलीही दिसते. माझ्या ऑफिसातल्या एकाची केस मालकानं स्वतःच मागे घेतली होती तरी पुढच्या दोन अपार्टमेंटवाल्यांनी नकार दिला. काही राज्यांनी यावर उपाय केलाय, कॅलिफोर्नियात मालक ठरावीक मुदतीत जिंकला नाही तर केस झाकलेलीच राहते. आणि नकार दिला तर कोणत्या कंपनीच्या रिपोर्टवरून दिला ते सांगावं लागतं, मग साठ दिवसांत तो रिपोर्ट फुकट मागता येतो. टेक्सासात असाल तर ते कामाचं, मनीषनगरला नाही.

दलाल_नाही_एजंट_म्हणा

सगळे सिबिल सिबिल करून राहिले म्हणून खरी गोष्ट मी सांगतो. मनीषनगर, बेसा, नरेंद्रनगर, हा पट्टा मी करतो. आमच्याकडे रिपोर्ट-बिपोर्ट काही नाही, आमच्याकडे फोन आहे.

नवीन पार्टी आली की मी तीन प्रश्न विचारतो. काम कुठं, फॅमिली की बॅचलर, आधीचं घर कुठं होतं. मंग मी आधीच्या मालकाला नाही तर त्या एरियातल्या एजंटला फोन लावतो. तो म्हणाला "पार्टी बरी आहे" तर झालं काम, तो म्हणाला "पाहून घे भाऊ" तर मी चावीच काढत नाही. आमचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, त्यावर कधीकधी "या पार्टीला घर देऊ नका" असा मेसेज फिरतो, फोटोसकट. सात वर्षं का दहा वर्षं असा हिशोबच नाही, ज्याच्या ध्यानात आहे त्याच्या ध्यानात आहे.

म्हणून धागावाल्या भाऊले माझा सल्ला एकच, भांडून जाऊ नका. दोन महिने थकले याचं आम्हाले काही वाटत नाही, कोरोनात अर्ध्या शहराचे थकले होते. रात्री सामान उचलून फोन बंद करून गेला, हे मात्र कोणी विसरत नाही.

वाठोड्याची_पोर

फोटोसकट???? कोणाच्या परवानगीनं? माझं आधार कार्ड घर बघायला गेले तेव्हाच मागितलं होतं एकानं, घर पसंत पडायच्या आधी. म्हणजे ते पण ग्रुपवर फिरत असेल.

दलाल_नाही_एजंट_म्हणा

ताई मी टाकत नाही. टाकणारे आहेत हे सांगितलं फक्त.

सदरचा_वकील

हा विषय निघालाच तर: घर बघताना आधार द्यायचंच असेल तर मास्क्ड आधार द्या, ज्यात शेवटचे चार आकडेच दिसतात, आधारच्या साइटवरून डाउनलोड होतं. झेरॉक्सवर "अमुक घराच्या किरायासाठी" असं लिहून तारीख टाका. आणि ग्रुपवर फोटो टाकून "हा चोर आहे" लिहिणं ही बदनामी होते, ते मालकांनी आणि एजंटांनीही ध्यानात ठेवावं.

आता धागाकर्त्याचं.

पहिली गोष्ट, सामान रस्त्यावर काढणं, कुलूप बदलणं, हे मालक स्वतःच्या हातानं करू शकत नाही, तुम्ही कितीही महिने थकवलेले असोत. कोर्टाचा आदेश लागतो. तसं झालं तर स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो, आणि त्यात घर कोणाच्या मालकीचं हा प्रश्नच विचारत नाहीत. वीज-पाणी तोडलं तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ आहे. त्याचा व्हॉट्सॲप मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून स्वतःला मेल करून ठेवा.

दुसरी, ॲग्रीमेंट. नागपुरात निम्मे लोक समजतात की अकरा महिन्यांचं असलं की रजिस्टर करायची गरज नाही. ते इतर राज्यांत. महाराष्ट्रात याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्सही (म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी) लेखी आणि रजिस्टर्डच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे, तुमची नाही. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू सांगतो ते खरं धरतात, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे तुमचा मालक कोर्टाची पायरी चढायला स्वतःच फार उत्सुक नसणार. खर्च तरी किती, एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्क्यांनी व्याज धरून त्याच्या पाव टक्का स्टॅम्प ड्युटी, आणि महापालिका हद्दीत हजार रुपये नोंदणी फी. तेवढ्यासाठी लोक नोटरीवर जातात.

पण याचा अर्थ तुम्ही पाय पसरून बसावं असा नाही. रजिस्टर्ड लायसन्स असतं आणि मुदत संपूनही तुम्ही हलला नसता, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्यापुढे अर्ज करून मालकानं घर परत मागितलं असतं आणि वरच्या काळाचे दुप्पट पैसेही लागले असते. तुमच्या नोटरीच्या कागदावर तुम्ही लायसन्सी की भाडेकरू, यावरच वकील लोक बरंच खाऊ शकतात. वकील असून सांगतो, त्यांना खाऊ घालू नका.

तिसरी, ज्याला तुम्ही "रेकॉर्ड" म्हणता ती. आपल्याकडे टेनंट रिपोर्ट नाही, पण ई-कोर्ट्स आहे, कोर्टातल्या केसेस दाखवणारी सरकारी वेबसाइट. राज्य, जिल्हा, कोर्ट निवडा, पक्षकाराचं नाव टाका, वर्ष टाका, कॅप्चा भरा, आणि केस समोर येते, चालू असो की निकाली. कोणीही बघू शकतं. वादी कोण, प्रतिवादी कोण, पुढची तारीख, निकाल कसा लागला. काढून टाका म्हणून अर्ज करायची सोपी सोय नाही. आता नवीन मालकांतर्फे व्हेरिफिकेशन करणाऱ्या एजन्सी, काही कंपन्यांचे एचआर, काही बँका, सगळे तिथंच शोधतात. तुमचा प्रश्न होता नाव लागतं का. मालकानं दावा टाकला तर हो, लागतं, जिंकलात तरी.

बेसाकडे_निघालो

म्हणजे सिबिलची भीती होती तिथं काही नाही आणि जिथं लक्षच नव्हतं तिथं आहे. सर, अजून दावा टाकलेला नाही हे कसं कळणार? मला काहीच कागद आलेला नाही.

सदरचा_वकील

आताच सांगितलं तसं स्वतःचं नाव टाकून बघा. आडनाव आधी, मग नाव आधी, दोन्ही प्रकारे, स्पेलिंग बदलून पण. आपल्याकडे वानखेडे, मेश्राम, ठाकरे यांचे शेकड्यानं निघतात, घाबरू नका, आत जाऊन पत्ता आणि वडिलांचं नाव जुळतं का बघा. याच कारणानं उलटही होतं, दुसऱ्याच कोणाची केस तुमची समजून मालक नकार देतो.

वाठोड्याची_पोर

हे माझ्या जुन्या रूममेटसोबत झालं, लिहू की नको विचार करत होते. आम्ही तिघी एका फ्लॅटमध्ये होतो, ॲग्रीमेंट तिच्या एकटीच्या नावावर. तिची नोकरी गेली, ती गावी गेली, चावी मालकाच्या बायकोला देऊन, काही लिहून घेतलं नाही. मालक म्हणाला चावी मिळालीच नाही आणि दावा टाकला. समन्स गेलं जुन्याच पत्त्यावर. ती तिथं नाहीच तर घेणार कोण. निकाल एकतर्फी लागला. तिला कधी कळलं, तर हैदराबादला जॉब लागला आणि बॅकग्राउंड चेकवाल्यांनी विचारलं की नागपूरची ही दिवाणी केस काय आहे.

जॉब गेला नाही तिचा, पण जॉइनिंग लांबली आणि सगळ्यांना समजावत बसावं लागलं. तिघींत तिचाच किराया सगळ्यात वेळेवर असायचा.

सदरचा_वकील

एकतर्फी हुकूम रद्द करायला अर्ज करता येतो, समन्स नीट बजावलंच नसेल तर कळल्यापासून तीस दिवसांत. तिला सांगा, मुदत गेली असेल तरी उशीर माफीचा अर्ज असतो. आणि महिला आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. हेल्पलाइन १५१००.

जुना_महालवाला

तुम्हा लोकांचं ॲग्रीमेंट, लायसन्स वगैरे वाचून हसू येऊन राहिलं. आमचं महालातलं घर आजोबांच्या काळापासून किरायाचं आहे. २००० च्या आधी इकडं विदर्भात सी. पी. अँड बेरारचा १९४९ चा ऑर्डर होता, मालकाला भाडेकरू काढायचा असेल तर आधी रेंट कंट्रोलरची परवानगी लागायची, मगच पुढचं. "सवयीनं थकबाकीदार" असा शिक्का बसू नये म्हणून आमचे वडील मालकानं किराया घेतला नाही तर मनीऑर्डर करायचे. त्या पावत्यांचा गठ्ठा अजून लोखंडी पेटीत आहे, मालकाच्या नातवानं दावा टाकला तेव्हा तोच कामी आला.

सदरचा_वकील

बरोबर. आणि ३१ मार्च २००० पासून सगळ्या राज्याला एकच कायदा. त्यात थकबाकीसाठी दावा टाकायच्या आधी मालकानं लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबायचं, आणि दावा टाकल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूनं सगळी थकबाकी १५ टक्के साध्या व्याजानं भरली तर त्या कारणानं घर खाली करायचा हुकूम होत नाही. हे कलम १५, भाडेकरूंसाठी. लायसन्सवाल्यांनी यावर विसंबू नये.

मनीऑर्डरच्या जागी आज यूपीआय आहे, फक्त नोट रिकामी सोडू नका, "मार्च किराया" एवढं टाइप करा. रोख देत असाल तर पावती मागा, कलम २६ प्रमाणे ती देणं मालकाला भागच आहे.

मालककाका_त्रिमूर्तीनगर

सगळा धागा वाचला. मालक म्हणजे राक्षस अशी इथली समजूत दिसते, म्हणून दोन शब्द.

मी महावितरणमधून रिटायर झालो. वरचा मजला किरायानं दिला आहे, त्यावर माझी आणि हिची औषधं चालतात. मागच्या भाडेकरूनं बरेच महिने थकवले, लाइट बिल भरलं नाही (मीटर माझ्या नावावर, म्हणजे ओझं माझ्यावर) आणि एक दिवस दुपारी आम्ही लग्नाला गेलो असताना टेम्पो लावून निघून गेला. त्यानं पुढच्या मालकाला सांगितलं की आमचेच संबंध बिघडले होते. मी कुठं जाऊन नोंदवू? पोलीस म्हणतात दिवाणी मामला, वकील म्हणतात फी इतकी, आणि तुम्ही म्हणता ग्रुपवर टाकू नका. टाकत नाही. पण मग आमच्यासारख्यानं करायचं काय?

बँकेतली_ताई

काका, तुमचा राग पटतो. आणि याची दुसरी बाजूपण तितकीच खटकते, माझ्याकडे असे लोक येतात की दहा वर्षं एक तारखेला किराया भरला, एकदाही चुकलं नाही, आणि कधी लोन घेतलं नाही म्हणून स्कोरच नाही. त्या दहा वर्षांची रिपोर्टात एक ओळ नाही. बँक स्टेटमेंटमध्ये दर महिन्याची एन्ट्री दिसली तर आम्ही ती बघतो, मदत होते, पण ती माणसानं बघायची गोष्ट झाली, स्कोर ती बघत नाही.

दलाल_नाही_एजंट_म्हणा

काका, घर देताना पोलीस व्हेरिफिकेशन केलं होतं का?

मालककाका_त्रिमूर्तीनगर

ठाण्यात फॉर्म दिला होता. त्याचा उपयोग चोर-दरोडेखोर कळायला, किराया बुडवणारा नाही कळत त्यात. पुढच्या वेळी मी रजिस्टर्ड ॲग्रीमेंट करणार आणि पुढच्या तारखांचे चेक घेऊन ठेवणार.

सदरचा_वकील

चेकवरून भाडेकरूंनी सावध व्हावं. चेक वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं (चेकबिकचा कायदा) कलम १३८. बँकेचा मेमो आल्यावर तीस दिवसांत नोटीस, त्यानंतर पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत तर तक्रार. ती फौजदारी केस असते, ई-कोर्ट्सवर फौजदारीतच दिसते, आणि बॅकग्राउंड चेकवाला "थकलेला किराया" आणि "फौजदारी" यात फरक करत बसत नाही. खात्यात पैसे नसताना चौदा हजारांचा चेक देण्यापेक्षा मालकाला तोंडावर नाही म्हणणं परवडलं.

तर्रीपोहे_दोन_प्लेट

एक साधी गोष्ट कोणीच बोलून राहिलं नाही. भाऊचे ४० हजार मालकाकडे आहेत आणि मालकाचे २८ भाऊकडे. मंग मालक ओरडतो कायले? ज्याच्याकडे जास्त पैसे तोच रडतो, हे इतवारीतच पाहिलं होतं.

सदरचा_वकील

तर्रीभाऊ, पोहे खाता खाता मुद्द्याचं बोललात. डिपॉझिट आपोआप किरायात वळत नाही, दोघांनी मान्य करावं लागतं, पण तडजोडीची जागा तीच आहे. आणि ती जागा याच महिन्यापुरती आहे हे बघा. हा महिना धरला तर थकबाकी ४२ हजार होते. डिपॉझिटला दोन हजार कमी. आज मालकाचं नुकसान नाही म्हणून तो ऐकेल, अजून दोन महिन्यांनी त्याचं खरंच नुकसान झालेलं असेल आणि मग तो वकील गाठेल.

माझं मत स्पष्ट आहे, राहायचा हक्क आहे का नाही हे सिद्ध करत बसू नका. मालकाशी बसा, महिनाअखेर घर सोडतो, डिपॉझिट वळतं करा, वरचे दोन हजार आणि लाइट बिल देतो. आणि हे सगळं एका कागदावर. ताबा अमुक तारखेला दिला, चावी मिळाली, कोणाचंही कोणाकडे काही बाकी नाही, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. मीटरच्या रीडिंगचा आणि प्रत्येक खोलीचा व्हिडिओ. वाठोड्याच्या ताईंच्या रूममेटकडे हा एक कागद असता तर ती केस उभीच राहिली नसती.

बेसाकडे_निघालो

बायकोला वाचून दाखवलं सगळं. ती म्हणते मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, डिपॉझिटमध्ये वळतं करा म्हणून. असो. रविवारी मालकाकडे जातो. त्याचे मोठे भाऊ समजूतदार आहेत, त्यांना पण बोलावतो.

ई-कोर्ट्सवर बघितलं, माझ्या नावाचे बरेच निघाले, एक उमरेडचा आहे, एक तर शेतीच्या बांधाचा दावा, माझा एकही नाही.

जुना_महालवाला

भावाला बोलावलं ते छान केलं. बैठकीत आधी चहा घ्या, पैशाचं नंतर काढा.

बेसाकडे_निघालो

अपडेट देतो, बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं.

बसलो. मालक आधी तावातावात होता, रंगाचे पंधरा हजार लागतील म्हणाला. मी आत येतानाचे फोटो दाखवले, हॉलच्या भिंतीला ओल तेव्हाचीच आहे, गॅलरीकडच्या कोपऱ्यातली पोपडी तशीच दिसत होती फोटोत. त्याचे भाऊच म्हणाले की अरे ही ओल मागच्या पावसाळ्यातली आहे. शेवटी रंगाचे चार हजार ठरले, म्हणजे दोन हजार किरायाचे आणि चार रंगाचे, सहा हजार यूपीआयनं दिले, नोटमध्ये लिहून. लाइट बिल मीटर बघून वेगळं भरलं आणि त्याचा स्क्रीनशॉट त्याला पाठवला. कागद वकीलसाहेबांनी सांगितला तसाच केला, चावीचा उल्लेख मुद्दाम दोनदा घातला. सिबिलचा विषय मी काढला नाही, त्यानंही नाही.

बाइकवाल्या फायनान्सला फोन केला होता, त्यांनी हप्त्याची तारीख पाचवरून पंधरा करून दिली. बँक, कार्ड, आधार, गॅस, सगळीकडे पत्ता बदलायला टाकलाय. सध्या सासुरवाडीला नंदनवनला आहोत, दिघोरीकडे घर बघतोय, किराया ११ पर्यंत.

दलाल_नाही_एजंट_म्हणा

दिघोरी माझा पट्टा नाही, पण तिथला पोरगा ओळखीचा आहे, नंबर मेसेज करतो. तुमच्या जुन्या मालकाशी बोललो, "पार्टी बरी आहे" म्हणाला. रंगावरून थोडी कुरकुर केली.

वाठोड्याची_पोर

रूममेटनं एकतर्फी रद्द करायचा अर्ज टाकला. प्राधिकरणातून वकीलबाई मिळाल्या आहेत. त्या म्हणाल्या लोक अदालतीत तडजोड होत असेल तर तेही बघू, तिथला निकाल अंतिम असतो, अपील नसतं, पण निकाली तरी निघतं. तिला अजून पटलेलं नाही, ती म्हणते मी काही देणंच लागत नाही तर तडजोड कशाची.

सदरचा_वकील

तिचं बरोबर आहे. आधी एकतर्फी हुकूम रद्द होऊ द्या, तडजोडीचं त्यानंतर. चावी घेतली त्या काकूंशी तिचं व्हॉट्सॲपवर त्या दिवसाचं काही बोलणं असेल तर शोधायला सांगा, "निघाले काकू, चावी दिली" असा एक मेसेज सापडला तरी पुरे. फोन बदलला असेल तर जुना बॅकअप बघा.

मालककाका_त्रिमूर्तीनगर

धागाकर्ते, दिघोरीत नाही जमलं तर माझा वरचा मजला पुढच्या महिन्यात रिकामा होतोय. किराया १२. रजिस्टर्ड ॲग्रीमेंट, खर्च निम्मा निम्मा. तुमचा तो सह्यांचा कागद घेऊन या, बघायचा आहे मला.

बेसाकडे_निघालो

काका, रविवारी येतो. चेक मागणार नाही ना?

मालककाका_त्रिमूर्तीनगर

यूपीआय चालेल. एक तारखेला.